ऑनलाइन दुकानातला ‘मेनूच्या आत मेनू’: वस्तू असूनही सापडत का नाही?

तुम्हाला लोखंडी तवा घ्यायचा आहे. इन्स्टाग्रामवर एका ऑनलाइन दुकानाची लिंक दिसते, तुम्ही ती उघडता. वर ‘किचन’ लिहिलेलं असतं. त्यावर बोट ठेवताच एक यादी उघडते आणि क्षणात गायब होते. पुन्हा बोट ठेवलं तर थेट ‘किचन’चं पान उघडतं. त्यात मिक्सरपासून मसाल्याच्या डब्यापर्यंत सगळं एकत्र. तवा काही दिसत नाही. तुम्ही पान बंद करता आणि परत रील्स बघायला लागता.

खरं तर त्या दुकानात तवा होता. ‘किचन’च्या आत ‘भांडी’, ‘भांडी’च्या आत ‘तवे’ आणि त्याच्या आत ‘लोखंडी’ असा तो चौथ्या थरात ठेवलेला होता. दुकानदाराने वस्तू आणली, फोटो काढले, जाहिरातीचे पैसे भरले. गिऱ्हाईक मात्र मेनूतच हरवलं.

अशा थरांच्या मेनूला ‘नेस्टेड मेनू’ म्हणतात. तो कसा बनतो, त्याला रंग-रूप देताना नेमकं काय बिघडतं आणि चांगला मेनू कसा ओळखायचा, हे समजून घेऊया.

नेस्टेड मेनू म्हणजे काय?

एका यादीतल्या एखाद्या नावाखाली दुसरी यादी आणि तिच्यातल्या एखाद्या नावाखाली तिसरी, अशी रचना म्हणजे नेस्टेड मेनू. डब्यात डबा ठेवावा तसं. हॉटेलच्या मेनूकार्डात ‘साउथ इंडियन’खाली ‘डोसा’ आणि त्याखाली ‘मसाला’, ‘रवा’, ‘म्हैसूर’ असतं, तेही हेच. फरक इतकाच की कार्डावर सगळं एकदम दिसतं आणि वेबसाइटवर आतली यादी झाकलेली असते.

नवी मुंबईतल्या महापेचं उदाहरण घ्या. दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा पसरलेला टीटीसी, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्टा एमआयडीसीचा आहे. त्यातल्या महापेत इलेक्ट्रॉनिक झोन आहे आणि मिलेनियम बिझनेस पार्कही. या पार्कमध्ये एखादं ऑफिस शोधायचं तर आधी सेक्टर, मग इमारत, मग मजला आणि शेवटी युनिटचा नंबर लागतो. पार्सल घेऊन आलेल्या माणसाला फक्त ‘युनिट २०४’ सांगितलं तर तो गेटवरच उभा राहील. नंबर बरोबर असतो, पण तो कोणत्या इमारतीतला हे कळत नाही.

मेनूचंही तसंच आहे. ‘लोखंडी’ हा शब्द एकटा काही सांगत नाही. लोखंडी तवा, लोखंडी कढई की लोखंडी स्टँड? त्याच्या वरचे थर दिसले तरच त्याला अर्थ येतो. म्हणून चांगल्या मेनूने कोणत्याही क्षणी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायला हवीत:

- मी आत्ता कुठे आहे?
- या नावाच्या आत आणखी काही आहे का?
- इथून परत वर कसं जायचं?

मेनूचा रंग, जाडी, बाण, मोकळी जागा ही सगळी सजावट या तीन उत्तरांसाठी असते. ती नुसती शोभेसाठी केली की गिऱ्हाईक गेटवर उभं राहतं.

पडद्यामागे काय असतं?

वेबपानाचा सांगाडा एचटीएमएलमध्ये लिहितात आणि त्याचं दिसणं सीएसएसमध्ये ठरवतात. मेनूचा सांगाडा अगदी साधा असतो: एक यादी, तिच्यात ओळी आणि काही ओळींच्या पोटात पुन्हा यादी. काहीच सजावट नसेल तर ब्राउजर हे सगळं ठिपक्यांच्या यादीसारखं दाखवतो आणि प्रत्येक आतली यादी थोडी उजवीकडे सरकवतो. म्हणजे थर आधीपासून असतातच. सीएसएसचं काम ते नीट दाखवण्याचं आणि गरज नसेल तेव्हा झाकण्याचं.

२००३ मध्ये पॅट्रिक ग्रिफिथ्स आणि डॅन वेब यांनी ‘सकरफिश ड्रॉपडाउन्स’ नावाची पद्धत मांडली. साध्या यादीलाच सीएसएसने ड्रॉपडाउन बनवायचं, ही त्यातली कल्पना. त्याआधी अशा मेनूंसाठी जावास्क्रिप्टचा मोठा पसारा लिहावा लागायचा. आजच्या बहुतेक तयार थीम्सच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

छोटे दुकानदार सहसा वेबसाइट शून्यापासून बनवत नाहीत. वर्डप्रेसवर चालणारं वूकॉमर्स किंवा शॉपिफाय घेतात आणि त्यावर रेडीमेड थीम चढवतात. वूकॉमर्स २०११ मध्ये आलं. त्यात नवा वर्ग बनवताना त्याचा ‘पेरेंट’, म्हणजे वरचा वर्ग कोणता हे निवडता येतं. ‘तवे’ बनवताना ‘भांडी’ निवडलं की झाला थर तयार. हे इतकं सोपं आहे की थर वाढत जातात आणि ते दिसतील कसे, याचा विचार मागे राहतो.

एकाला रंग दिला, लागला सगळ्यांना

समजा, महापेच्या एका गाळ्यातून कुणी घरगुती वस्तूंचं ऑनलाइन दुकान चालवतं. त्याला वाटतं, मेनूतल्या मुख्य नावांना गडद निळी पट्टी द्यावी. तो थीममध्ये नियम लिहितो आणि बघतो तर ‘किचन’ निळं, ‘भांडी’ निळं, ‘तवे’ निळे, ‘लोखंडी’ही निळं. सगळे थर सारखेच दिसू लागतात.

असं होतं कारण सीएसएसमध्ये नियम कुणाला लागू होणार, हे नात्याने सांगावं लागतं. तिथली भाषा अगदी घरगुती आहे: पालक, मूल, भावंड, वंशज. ‘मेनूतल्या सगळ्या ओळी’ असं लिहिलं की वंशज आले, म्हणजे मुलं, नातवंडं, पतवंडं सगळीच. ‘मेनूची थेट मुलं’ असं लिहिलं तरच नियम पहिल्या थरापुरता राहतो. लिहिताना फरक एका चिन्हाचा असतो. दोन नावांमध्ये नुसती मोकळी जागा असेल तर वंशज, मध्ये गणितातलं ‘पेक्षा मोठं’ हे चिन्ह असेल तर थेट मूल.

वारशाचाही एक घोळ असतो. अक्षराचा रंग आणि फाँट वरून खाली आपोआप उतरतात. पार्श्वभूमी, किनार आणि आतली मोकळी जागा उतरत नाहीत. त्यात लिंकला ब्राउजर स्वतःचा रंग देतो, त्यामुळे वरच्या यादीला दिलेला रंग आतल्या लिंकपर्यंत पोहोचतच नाही. ‘मी रंग बदलला, पण बदलला नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

अक्षरं लहान होत जाण्याचा प्रकार आणखी गमतीदार आहे. आतल्या यादीतली अक्षरं जराशी लहान असावीत म्हणून कुणी ‘वरच्याच्या ०.९ पट’ असा नियम लिहितं. मूळ अक्षर १६ पिक्सेलचं असेल तर पहिल्या यादीत ते १४.४ होतं, दुसरीत सुमारे १३ आणि तिसरीत ११.७. प्रत्येक थर वरच्याच्या ०.९ पट होत जातो. चौथ्या थरातला ‘लोखंडी’ वाचायला चष्मा काढून डोळे बारीक करावे लागतात. उपाय सोपा आहे: आकार वरच्या यादीच्या हिशेबाने न देता पानाच्या मूळ आकाराच्या हिशेबाने द्यायचा. सीएसएसमध्ये त्यासाठी ‘रेम’ हे एकक आहे.

तिसरी नेहमीची तक्रार म्हणजे मेनू उघडतो, पण खालच्या सेलच्या बॅनरमागे जातो. पानावरच्या गोष्टी एकमेकींवर रचलेल्या असतात आणि कोण वर, कोण खाली हे ‘झेड-इंडेक्स’ने ठरतं. बॅनरचा आकडा मोठा असेल तर मेनू त्याच्यामागे लपतो. आकडा वाढवूनही फरक पडला नाही, तर मेनू ज्या डब्यात आहे तो डबाच खाली असतो किंवा डब्याबाहेरचं सगळं कापून टाकायचा नियम त्याला लावलेला असतो.

‘मी कुठे आहे?’ हे कसं दाखवायचं?

मेनूत हे सर्वांत जास्त विसरलं जातं. तुम्ही ‘लोखंडी तवे’ या पानावर असाल तर मेनूत ते नाव वेगळं दिसायला हवं. त्याच्या वरचे ‘तवे’, ‘भांडी’ आणि ‘किचन’ही थोडे वेगळे दिसायला हवेत, म्हणजे पूर्ण वाट कळते.

यासाठी वेगळा प्रोग्राम लिहावा लागत नाही. वर्डप्रेस आणि वूकॉमर्स चालू वर्गाला, त्याच्या वरच्या वर्गाला आणि ज्याच्या पोटात उपवर्ग आहेत अशा वर्गाला आपणहून वेगवेगळी नावं चिकटवतात. ही नावं गिऱ्हाइकाला दिसत नाहीत, पण सीएसएसला दिसतात. त्या नावांवर नियम लिहिला की काम होतं: चालू वर्ग ठळक, वरचे वर्ग गडद, पोटात काही असेल तर शेजारी बाण. वूकॉमर्सच्या वर्गांच्या यादीत ‘फक्त चालू वर्गाचे उपवर्ग दाखवा’ असाही पर्याय असतो. दुकान मोठं असेल तर तो फार कामाचा.

पोटात यादी आहे का, यावरून वरच्याला ओळखायचं, हे सीएसएसला बरीच वर्षं जमत नव्हतं. पालकावरून मूल सापडायचं, मुलावरून पालक नाही. ‘हॅज’ नावाचा निवडक आल्यावर ते शक्य झालं आणि डिसेंबर २०२३ मध्ये फायरफॉक्सनेही तो स्वीकारल्यावर सगळ्या मोठ्या ब्राउजरमध्ये तो चालू लागला.

यातली एक अट महत्त्वाची: खूण फक्त रंगाची नको. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे अनेक लोक असतात. भर उन्हात फोनवर तर कुणालाच फिका फरक कळत नाही. रंगाबरोबर जाडी, रेघ किंवा बाण द्यावा.

मेनूबरोबर पानाच्या वरच्या बाजूला ‘मुख्य पान › किचन › भांडी › तवे’ अशी ओळही असते. तिला ब्रेडक्रम्ब म्हणतात. गूगलवरून किंवा व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून थेट आत आलेल्या माणसाला मेनू उघडायच्या आधी हीच ओळ पत्ता सांगते.

माउसची तिरकी वाट

कंप्युटरवर ‘किचन’वर माउस नेला की यादी उघडते. याला होव्हर म्हणतात. पहिल्या यादीतून उजवीकडच्या दुसऱ्या यादीकडे जाताना माणूस काटकोनात जात नाही, तिरका जातो. वाटेत माउस शेजारच्या नावावरून सरकतो आणि भलतीच यादी उघडते. ‘भांडी’कडे निघालेला माणूस ‘बेडशीट’मध्ये पोहोचतो.

या अडचणीवर ॲपलमध्ये काम करणारे ब्रूस टॉग्नाझिनी यांनी १९८०च्या दशकातच मॅकिंटॉशसाठी उपाय काढला होता. माउसपासून आतल्या यादीच्या दोन टोकांपर्यंत एक अदृश्य त्रिकोण धरायचा. माउस त्या त्रिकोणात सरकत असेल तोवर यादी बदलायची नाही. पुढे २०१३ मध्ये खान अकॅडमीत काम करणारे बेन केमन्स यांनी ॲमेझॉनचा मेनू इतका सहज का वाटतो हे तपासलं आणि त्यांना तिथे हाच त्रिकोण सापडला. त्यांनी ते सोप्या भाषेत समजावलं, तेव्हा नव्या पिढीच्या वेब डेव्हलपर्सना ही युक्ती कळली.

त्रिकोण जमत नसेल तर थोडा वेळ थांबणं हा साधा उपाय आहे. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००९ मध्ये सुचवलं होतं की माउस नावावर साधारण अर्धा सेकंद स्थिर राहिला तरच यादी उघडावी आणि माउस बाहेर गेल्यावरही अर्धा सेकंद थांबून मगच ती बंद करावी. उघडायची मात्र झटकन. माउस नुसता वरून गेला तर काहीच हलत नाही.

फोनवर होव्हर नसतोच

पण हे सगळं माउसचं झालं. बोट काचेवर टेकतं किंवा टेकत नाही, मधे तरंगत नाही. होव्हरवर बनवलेला मेनू फोनवर गेला की ब्राउजर गोंधळतो. काही फोनवर पहिला स्पर्श ‘होव्हर’ समजला जातो आणि दुसरा ‘क्लिक’. लेखाच्या सुरुवातीला ‘किचन’ची यादी उघडून गायब झाली आणि मग भलतंच पान उघडलं, ते अशाच गोंधळातून.

फोनवर यासाठी दोन पद्धती चालतात. एक म्हणजे अकॉर्डियन: नावावर टॅप केलं की त्याच्याखालीच आतली यादी उलगडते. आजूबाजूची नावं दिसत राहतात, म्हणून आपण कुठे आहोत हे कळतं. दोन थरांसाठी ही पद्धत उत्तम. तिसऱ्या-चौथ्या थरात मात्र जागा संपते. ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर प्रत्येक थराला २४ पिक्सेल आत सरकवलं तर चौथ्या उपथरापर्यंत ९६ पिक्सेल नुसती मोकळी जागा जाते. उरलेल्या जागेत बाणही बसवायचा असतो.

दुसरी पद्धत म्हणजे सरकणारे पडदे: ‘किचन’वर टॅप केलं की पूर्ण यादी डावीकडे सरकते आणि ‘किचन’च्या आतली यादी येते. जागा पुरते, पण वाट दिसत नाही. म्हणून वरती ‘‹ किचन’ असं परतीचं बटण ठळक हवं. नुसता बाण पुरत नाही. कुठे परत जाणार तेही लिहिलेलं हवं.

दोन्ही पद्धतींत एक प्रश्न राहतो. ‘भांडी’ या शब्दावर टॅप केलं तर भांड्यांचं पान उघडायचं की आतली यादी? उत्तर आहे, दोन कामांना दोन जागा. शब्दावर टॅप केलं की पान, शेजारच्या बाणावर टॅप केलं की यादी. किंवा नावावर यादीच उघडायची आणि त्या यादीत पहिलं नाव ‘सगळी भांडी’ ठेवायचं. दुसरी पद्धत नवख्या माणसाला जास्त सोपी जाते, कारण बाण चुकायची भीती राहत नाही.

बाण ठेवायचाच तर बोट बसेल एवढा ठेवावा. ॲपल ४४ पॉइंट आणि अँड्रॉइड ४८ डीपी इतकी जागा सुचवतं. वेबसाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांच्या, म्हणजे डब्ल्यूसीएजीच्या २०२३च्या आवृत्तीत काही अपवाद वगळता किमान २४ बाय २४ पिक्सेलची अट आहे. म्हाताऱ्या माणसाच्या किंवा चालत्या लोकलमध्ये उभ्या असलेल्या कुणाच्याही बोटाला हा फरक लगेच जाणवतो.

सगळा मेनू ज्या तीन आडव्या रेघांमागे दडलेला असतो, ते ‘हॅम्बर्गर’ चिन्ह तसं जुनं आहे. नॉर्म कॉक्स यांनी ते १९८१च्या झेरॉक्स स्टार कंप्युटरसाठी काढलं होतं. तरीही प्रत्येकाला ते कळतंच असं नाही. त्याखाली ‘मेनू’ एवढा शब्द लिहिला तर जागा फार जात नाही.

किती थर असावेत?

‘माणसाला एकावेळी सातच गोष्टी लक्षात राहतात, म्हणून मेनूत सातपेक्षा जास्त नावं नकोत’ हा सल्ला खूप फिरतो. तो जॉर्ज मिलर यांच्या १९५६च्या प्रसिद्ध लेखावरून आला आहे. पण ते संशोधन लक्षात ठेवण्याबद्दल होतं. मेनूतली नावं लक्षात ठेवायची नसतात, ती समोर दिसत असतात.

मेनूवर थेट प्रयोगही झाले आहेत. १९९८ मध्ये केविन लार्सन आणि मेरी चेर्विन्स्की यांनी ५१२ गोष्टी वेगवेगळ्या प्रकारे मांडून लोकांना शोधायला लावल्या. एका मांडणीत तीन थर होते, प्रत्येकी आठ पर्याय. इतर दोन मांडण्यांत दोनच थर होते, पण पर्याय जास्त: एकीत १६ आणि ३२, दुसरीत ३२ आणि १६. तीन थरांची मांडणी सगळ्यांत संथ ठरली. नीट गट पाडलेली लांब यादी खोल मेनूपेक्षा बरी पडते. कारण प्रत्येक थरावर एक अंदाज बांधावा लागतो आणि एक अंदाज चुकला की पुन्हा वर येऊन सुरुवात.

शॉपिफायच्या मेनूत तीनपेक्षा जास्त थर करताच येत नाहीत. वूकॉमर्समध्ये तशी अट नाही, तिथे दुकानदारालाच हात आवरावा लागतो. मोठी दुकानं ‘मेगा मेनू’ वापरतात: एका रुंद पट्ट्यात स्तंभ पाडून दोन थर एकदम उघडे दाखवायचे, स्तंभाचं शीर्षक ठळक आणि खालची नावं साधी.

उलट टोकही वाईटच. ॲमेझॉनने पुस्तकांनंतर इतर वस्तू विकायला घेतल्या तेव्हा प्रत्येक विभागासाठी वर एक टॅब जोडत गेलं. २०००च्या सुमारास टॅबच्या दोन ओळी झाल्या. पुढे ते टॅब जाऊन विभागांची यादी एका मेनूत गेली.

तव्याच्या उदाहरणात चौथ्या थराची गरजच नव्हती. ‘लोखंडी’, ‘नॉनस्टिक’, ‘बिडाचा’ हे वर्ग नाहीत, ते तव्याचे प्रकार आहेत. त्यांची जागा ‘तवे’ या पानावरच्या फिल्टरमध्ये. घरात पातेली एका फळीवर असतात, स्टीलची आणि ॲल्युमिनियमची वेगळ्या खोल्यांत ठेवत नाहीत. तसंच हे.

मराठी मेनूच्या वेगळ्या गरजा

रेडीमेड थीम्स बहुतेक रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या असतात. त्यांत मराठी नावं टाकली की काही गोष्टी बिघडतात.

पहिली म्हणजे ओळींमधलं अंतर. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार असतात. इंग्रजीला पुरणाऱ्या उंचीत ‘कुर्ते’ किंवा ‘टॉवेल’ची वरची मात्रा कापली जाते. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट किंवा थोडी जास्त ठेवली की हा त्रास जातो.

दुसरी म्हणजे अक्षरांमधलं अंतर. अनेक थीम्स मुख्य नावं कॅपिटलमध्ये आणि अक्षरं लांब-लांब ठेवून दाखवतात. देवनागरीत कॅपिटल नाही, त्यामुळे तो नियम निष्फळ ठरतो आणि थरांमधला फरकच नाहीसा होतो. अक्षरं लांब केली तर शिरोरेषा तुटते. मराठी मेनूत थर दाखवायला जाडी आणि आकार वापरावेत. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’सारखा अनेक जाड्यांचा मोफत फाँट इथे कामी येतो.

तिसरी म्हणजे ‘ल’ आणि ‘श’. मराठीतले त्यांचे आकार हिंदीतल्या आकारांहून वेगळे आहेत. राज्य सरकारने २००९ मध्ये काढलेल्या निर्णयात मराठीसाठीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली आहे. काही फाँट्समध्ये दोन्ही आकार असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये नोंदवलं असेल तरच मराठी आकार दिसतात. ही नोंद वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही लागते, नाहीतर ते मराठी शब्द भलत्याच उच्चारात वाचतं.

न बघता मेनू वापरता येतो का?

दृष्टिहीन व्यक्ती फोन किंवा कंप्युटर स्क्रीन रीडरच्या मदतीने वापरतात. पडद्यावर काय आहे ते सॉफ्टवेअर वाचून दाखवतं. हाताच्या हालचालीवर मर्यादा असलेले अनेक जण माउसऐवजी कीबोर्ड वापरतात. फक्त होव्हरवर उघडणारा मेनू त्यांच्यासाठी बंद शटर असतो.

आतली यादी नुसती पारदर्शक करून लपवली तर आणखी घोटाळा होतो. डोळ्यांना ती दिसत नाही, पण कीबोर्ड तिच्यातल्या प्रत्येक लिंकवरून जातो. टॅब बटण वीस वेळा दाबूनही पडद्यावर काहीच हलत नाही. यादी बंद असेल तेव्हा ती खरोखर बंद हवी. बाणाचं बटण हे खरं बटण हवं आणि ‘उघडं’ की ‘बंद’ हे त्याने स्क्रीन रीडरला सांगायला हवं. एस्केप दाबल्यावर यादी मिटायला हवी. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ हवा, असं डब्ल्यूसीएजी सांगतं. फिकट करड्या रंगातले उपवर्ग या कसोटीत सहसा नापास होतात.

भारतात हा कायद्याचाही विषय आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी अशा दोघांनाही सुगम्यतेची जबाबदारी देतो. वेबसाइट आणि ॲपसाठीचं ‘आयएस १७८०२’ हे भारतीय मानक २०२३ मध्ये या कायद्याच्या नियमांत आलं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीसारखे असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत असं म्हटलं. एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल केवायसीच्या प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

दुकान चालवत असाल तर काय तपासाल?

- फोनवर मेनू उघडा. एकाच अंगठ्याने शेवटच्या थरापर्यंत जाऊन परत येता येतं का?
- एखाद्या आतल्या वर्गाचं पान उघडा. मेनूत तो वर्ग आणि त्याच्या वरची वाट वेगळी दिसते का?
- पोटात यादी असलेल्या आणि नसलेल्या नावांत फरक दिसतो का?
- माउस बाजूला ठेवा. टॅब, एंटर आणि एस्केप एवढ्यावर मेनू चालतो का?
- फोनची अक्षरं सेटिंगमधून मोठी करा. नावं कापली जातात का?
- पडद्याचा उजेड कमी करून उन्हात जा. उपवर्ग वाचता येतात का?
- तीनपेक्षा जास्त थर असतील तर शेवटचा थर फिल्टरमध्ये नेता येईल का?
- एका वर्गात एक-दोनच वस्तू आहेत का? असतील तर तो वर्ग वरच्या वर्गात मिसळा.

आणि शेवटची तपासणी सगळ्यांत स्वस्त. ज्याने तुमचं दुकान कधी पाहिलेलं नाही अशा कुणाच्या तरी हातात फोन द्या आणि म्हणा, ‘यात लोखंडी तवा शोध.’ मग काही सांगू नका, फक्त बघत राहा. त्याचं बोट जिथे थांबेल, मेनू तिथे दुरुस्त करायचा आहे.